सोडलेल्या फोटोंची यादी

लग्नाचा अल्बम कसा तयार होतो हे स्टुडिओत कामाला लागेपर्यंत मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, काढलेले सगळेच फोटो त्यात जात असतील. तसं नसतं. एका लग्नात तीन-चार हजार फोटो निघतात आणि अल्बममध्ये तीनशेच्या आसपास बसतात. म्हणून लग्न झालं की आठ-दहा दिवसांनी घरची माणसं स्टुडिओत येतात, पडद्यासमोर खुर्च्या टाकून बसतात आणि हव्या त्या फोटोंचे नंबर कागदावर उतरवून घेतात. त्या कागदाला आम्ही नुसतं ‘यादी’ म्हणतो. यादी आली की त्या नंबरचे फोटो हुडकून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचे आणि तो फोल्डर अल्बम डिझाइन करणाऱ्याकडे पाठवायचा. हुडकून टाकायचं काम माझ्याकडे होतं.

मी बीदरला बीसीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील बीदरलगतच्या कोळारला एका गोडाऊनमध्ये माल चढवतात-उतरवतात. तिथल्याच एका खोलीत आम्ही दोघं राहतो. आई गावी, राजेश्वरला असते. तिथल्या शाळेत दुपारचं जेवण शिजवतात, त्या स्वयंपाकघरात ती मदतनीस आहे. तांदूळ निवडणं, धुणं, मुलांची ताटं घासून ठेवणं. कॉलेज सुटलं की मी बीदरमधल्याच नौबादला स्टुडिओत जायचो. स्टुडिओच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांची घरातली भाषा कन्नड, गिऱ्हाइकाशी बोलायची उर्दू, आणि माझ्याशी या दोन्हींतून जी उरेल ती मराठी. मला ते ‘तम्मा’ म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ.

सुरुवातीला मी सगळं हातानं करायचो. एक बोट कंट्रोलच्या बटनावर दाबून ठेवायचं आणि यादीत बघून तीनशे फोटोंवर एकेक टिचकी मारायची. दोनशे साठाव्या फोटोला बोट जरा सुटलं की सगळी निवड पुसली जायची. मग पुन्हा एकपासून. माझं बोट सुटलं हे अण्णांना न बघता कळायचं, कारण मी तोंडानं ‘च्’ करायचो.

“तम्मा, मोडलं का लग्न?” ते आतून विचारायचे.

“व्हय अण्णा. परत लावायलोय.”

हे बघून मला स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरनं काय करायचं त्याच्या ओळी, लिहायला शिकवली ती माझ्या मित्रानं. मित्राबद्दल इथेच सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यापाशी येऊन थांबतं.

त्याचे वडील आमच्या शाळेत गुरुजी होते. चौथीपर्यंत मला त्यांनीच शिकवलं. तेव्हा त्यांचं कुटुंब राजेश्वरलाच राहायचं आणि मित्र माझ्या वर्गात होता. त्याची मोठी बहीण आमच्या तीन वर्षं पुढे. तिला आम्ही दोघंही अक्का म्हणायचो. एक वर्ष त्यांची आई बी.एड.साठी बीदरला राहिली होती. त्या वर्षभर अक्काची वेणी माझ्या आईनं घातली. शाळेच्या स्वयंपाकघराच्या पायरीवर आई बसायची, अक्का तिच्या खालच्या पायरीवर. तांदूळ शिजेपर्यंत दोन वेण्या व्हायच्या. रिबिनी अक्काच्या असायच्या आणि तेल आईचं. पुढं गुरुजींची बदली झाली, त्यांनी नौबादला घर बांधलं. पण राखीपौर्णिमेला अक्का मला बोलवायची. मी कॉलेजला प्रवेश घेतला तेव्हा फॉर्म गुरुजींनी भरून दिला होता. आमच्या घरी देव्हारा नाही, बुद्धाची मूर्ती आहे आणि आमची गल्ली विहाराच्या मागं आहे, हे त्या सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. त्याचं काही असतं, असं निदान मला कधी जाणवलं नव्हतं.

मित्र कलबुर्गीला इंजिनिअरिंग करतो. शनिवारी घरी आला की स्टुडिओत येऊन बसायचा. माझी टिचक्यांची गंमत बघून एकदा तो म्हणाला, “कामून हातानं करायलास? मशीन कशाला हाय?”

“मला त्यातलं येत न्हाई रे.”

“येतंय. पप्पा हजेरी कशी घ्यायचे, आठवतंय का?”

आठवत होतं. गुरुजी हजेरीचं पुस्तक उघडायचे, बोट पहिल्या नावावर ठेवायचे आणि पुकारायचे. मूल असलं की ‘हजर’ची खूण. नसलं की बोट खालच्या नावावर. मित्रानं एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर मला तेच लिहून दाखवलं. फोल्डरमधल्या फाईली म्हणजे वर्गातली मुलं. प्रत्येक फाईलसाठी एकदा विचारायचं, तुझं नाव यादीत आहे का? असलं तर उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवायचं. नसलं तर पुढं जायचं.

“नसलं तर काय करायचं?” मी विचारलं.

“काय न्हाई. पुढं जायचं. त्याच्या घरी चहाला जातोस का?”

पायथनच्या सात ओळी झाल्या. त्यातल्या ‘फॉर’नं सुरू होणाऱ्या ओळीकडे मी बराच वेळ बघत राहिलो. आमच्या वर्गात ही ओळ फळ्यावर लिहून झाली होती, परीक्षेत मी तिच्यावर गुणही मिळवले होते, पण तिनं माझं एखादं काम हलकं होईल असं मला खरंच कधी वाटलं नव्हतं.

पहिल्यांदा चालवली आणि मोठी चूक झाली. मित्रानं फाईलची नक्कल करायला सांगितलं होतं. मी घाईत हलवायचं लिहिलं. दोन्ही शब्द मला सारखेच वाटले. स्क्रिप्टनं निवडलेले फोटो मूळ फोल्डरमधून काढून घेतले, आणि दुसऱ्या फोल्डरचं नाव मी चुकीचं लिहिल्यामुळे ते कुठं गेले तेच कळेना. अण्णा बाहेरून आले, पडद्याकडे बघितलं आणि शांतपणे खुर्चीत बसले.

“तम्मा, नवरी कुठं गेली?”

“हुडकायलोय, अण्णा.”

“वऱ्हाड हाय, मांडव हाय, नवरदेव एकटाच उभा हाय. पळून गेली का?”

तासाभरानं नवरी सापडली. मित्रानं फोनवरून मला तेव्हा एक नियम दिला. आधी कशालाही हात लावायचा नाही. स्क्रिप्ट काय करणार आहे ते नुसतं पडद्यावर छापून बघायचं. पटलं, तरच खरं चालवायचं. मी तो नियम पाळला आणि भीतीपोटी त्यात आपली एक भर घातली. घेतलेल्या फाईलींची नावं छापायची, आणि सोडलेल्या फाईलींचीही. घेतलेल्यांत चूक असली तर गिऱ्हाईक बघेल. पण चुकून सुटलेल्याकडे कोण बघणार, असं मला वाटायचं.

मित्राला हे दाखवलं तेव्हा तो हसला होता. “सोडलेल्या तीन हजारांची यादी घेऊन काय करतोस? उगं पडदा भरायला.”

गेल्या उन्हाळ्यात अक्काचं लग्न झालं. मुलगा उदगीरचा, घरचे सगळे नोकरीत, कोणी तहसीलमध्ये, कोणी कोर्टात. लग्न बीदरला मंगल कार्यालयात होतं. आमच्या भागात दोन्ही बाजू आपापला फोटोग्राफर आणतात. मुलीकडून अण्णा होते, मुलाकडून उदगीरचा कोणी; अल्बम मात्र दोन्हीकडचे फोटो घेऊन एकच, आमच्याकडे होणार होता. मी त्या दिवशी अण्णांचा माणूस म्हणून गेलो नव्हतो. अक्कानं सांगितलं होतं, “तू कामाला यायचं न्हाई, लग्नाला यायचं.” तरी मी खुर्च्या लावल्याच, पण ते भाऊ म्हणून.

कानपिळीच्या वेळी मित्रानं नवरदेवाचा कान धरला. सगळे हसले. मग अक्का मान न वळवता म्हणाली, “एकच भाऊ हाय का मला? दुसऱ्यालाबी पिळू द्या.” मी पुढं झालो. नवरदेव म्हणाले, “हळू हं, आमचा आता दुखायलाय.” मी अगदी हळू पिळला. अण्णांच्या कॅमेऱ्याचा उजेड माझ्या तोंडावर पडला तो मला आठवतो.

आई सकाळच्या बसनं आली होती. हिरवी साडी, जी ती फक्त विहारातल्या कार्यक्रमाला नेसते. ती मागच्या खुर्चीवर बसून राहिली. स्टेजवर जा म्हटलं तर, “मी हितनं बगायलेव की,” म्हणायची. शेवटी अक्कानंच वरून हात केला. “मावशी, वर या. न्हाईतर मी खाली येते.” मग आई गेली. अक्काचा गजरा एका बाजूनं सुटून लोंबत होता आणि कुणाचं लक्ष नव्हतं. आईनं आपल्या केसांतली पिन काढली. अक्कानं सवयीनं मान खाली केली, शाळेच्या पायरीवर करायची तशी, आणि आईनं गजरा नीट बसवला. अण्णांनी तो फोटो घेतला.

आईचे फोटो म्हणजे आधार कार्डावरचा आणि शाळेच्या ओळखपत्रावरचा. तिच्या लग्नात कुणी फोटो काढले नव्हते. तेव्हापासून मी दर रविवारी गावी गेलो की ती भाकरी वाढता वाढता विचारायची, “अल्बम आला का?”

“अजून यादी आली न्हाई, आई.”

“माझा हाय ना त्यात?”

“आता अक्का येईल बघायला. मग कळंल.”

मांडवपरतणीला अक्का माहेरी आली तेव्हा ते सगळे स्टुडिओत आले. अक्का, तिची आई, म्हणजे आमच्या काकू, एक आत्या आणि मित्र. गुरुजी आले नाहीत. मी कागद-पेन घेऊन नंबर उतरवायला बसलो. हे काम मला आवडतं. माणसं फोटो बघताना जे बोलतात ते लग्नात बोलत नाहीत.

“हा नको, ह्यात माझं पोट दिसायलंय,” आत्या म्हणाल्या.

“आत्या, पोट हाय म्हणून दिसायलंय,” मित्र म्हणाला.

“मामाचे किती झाले?” काकूंनी विचारलं.

“सात.”

“आणि माझ्या जावेचा एक? ती बोलती मग वर्षभर. तिचा अजून एक घाल, डोळे मिटलेला असला तरी चालंल.”

मग २१४७ आला. अक्काची वाकलेली मान, आईचे दोन्ही हात तिच्या केसांत, दातांत धरलेली पिन. आईला कॅमेरा आहे हे माहीतच नव्हतं त्यात. अक्का म्हणाली, “हा घे. पानभर घे हा.”

पानभर म्हणजे अख्ख्या पानावर एकच फोटो. तसा असला की आम्ही नंबराभोवती गोल करतो. मी २१४७ लिहिलं आणि गोल केला. काकू म्हणाल्या, “पुढं घे रे, उशीर व्हायलाय.”

त्या रविवारी मी आईला सांगितलं. “पानभर हाय तुझा. अक्कानं स्वतः सांगितलं.” वाढलेल्या भाजीवर आईनं परत एकदा भाजी वाढली.

ती यादी त्यांनी घरी नेली होती, फोटोही मित्रानं मोबाइलवर घेतले होते. गुरुजींना दाखवून पक्की करतो म्हणाले. चार-पाच दिवसांनी मित्र पेनड्राइव्ह घेऊन आला. “टाईप करूनच आणली. कागद बघून तुला परत टाईप करत बसायला नको. सरळ स्क्रिप्टला दे.” मला बरं वाटलं. इतकी सोपी करून यादी आजवर कुणीच दिली नव्हती. मी त्याला चहा पाजला.

तो गेल्यावर मी नियमाप्रमाणे नुसतं छापून बघितलं. घेतलेले, मग सोडलेले. सोडलेल्यांची नावं पडद्यावरून भराभर वर सरकत होती. ती मी कधी सगळी वाचत नाही, नुसती नजर टाकतो. त्यात मला २१४७ दिसला.

माझ्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती ही, की मी काहीतरी चुकीचं लिहिलंय. हे मला आता लिहिताना विचित्र वाटतं, पण दुसरं काही मनात आलंच नाही. मी शोधायला लागलो, आणि एक चूक खरोखर सापडली. अण्णांचा कॅमेरा आणि उदगीरवाल्याचा कॅमेरा एकाच कंपनीचे होते, दोघांच्या फाईलींना सारखीच नावं पडली होती. मी दोन्हीकडचे फोटो एकाच फोल्डरमध्ये ओतले होते. एका नावाच्या दोन फाईली आल्या की एक दुसरीला पुसून टाकते. उदगीरवाल्याचा २१४७ उघडून बघितला तर भाताचं पातेलं होतं, वर झाकण अर्धं उघडं. मला हसू आलं. पातेल्यानं माझ्या आईला झाकलं, एवढंच झालंय, असं मी मनात म्हणालो.

मूळ कार्डांवरून फोटो पुन्हा घेतले. मुलीकडचे एका फोल्डरात, मुलाकडचे दुसऱ्यात. मित्राच्या यादीतही दोन्ही बाजूंचे नंबर वेगवेगळ्या मथळ्यांखाली होते, ते स्क्रिप्टला वाचायला शिकवलं. त्यात सगळी दुपार गेली. पुन्हा छापलं. मुलीकडचा २१४७ अजून सोडलेल्यांतच होता.

मग वाटलं, टाईप करताना नंबराच्या मागं न दिसणारी मोकळी जागा राहिली असेल. तसं झालं की स्क्रिप्टला दोन सारखे नंबर वेगळे वाटतात. ती जागा काढून टाकणारी ओळ घातली. पुन्हा छापलं. सोडलेल्यांतच.

अण्णा मागून म्हणाले, “तम्मा, आज च् च् लई व्हायलंय.”

“एक फोटो येईना झालाय, अण्णा.”

“यादीत हाय का?”

एवढी एक गोष्ट मी केली नव्हती. यादीतले मथळे बघितले होते, खालचे नंबर वाचले नव्हते. वाचले. २१४६ होता, त्यात अक्का आणि तिच्या मैत्रिणी. त्याच्या खाली २१५२. मी स्वतः लिहिलेला, गोल केलेला नंबर मधे नव्हता. स्क्रिप्ट पहिल्यापासून बरोबर सांगत होती.

मग मी सोडलेल्यांची यादी पहिल्यांदा नीट वाचली. आईचे पाच फोटो होते, पाचही तिथं. कानपिळीचे दोन फोटो लागोपाठ होते, नंबरही लागोपाठ. मित्रानं कान धरलेला घेतला होता. मी धरलेला सोडला होता. तोही त्या दिवशी अक्कानं हसत घ्यायला लावला होता. घेतलेल्या तीनशेंत मी एकाच ठिकाणी सापडलो. पाठमोरा, दोन हातांत चार खुर्च्या.

दुसऱ्या दिवशी मित्र डिझाइन कधी होणार ते विचारायला आला. सुट्ट्या होत्या म्हणून तो घरीच होता. मी म्हणालो, “एक नंबर सुटलाय यादीत. २१४७. पानभरवाला.”

“टाईप करताना सुटला असंल.”

“मग टाकतो मी.” मला एकदम हलकं वाटलं. खरंच वाटलं.

“थांब,” तो म्हणाला.

“कामून?”

तो माझ्याकडे न बघता पडद्याकडे बघत होता. पडद्यावर काही नव्हतं. “अल्बम तिकडं जातोय रे, उदगीरला. तिथं येईल तो पाहुणा पान उलटतो आणि विचारतो, ही कोण, हा कोण. अक्काला सांगावं लागतं.”

“मग सांगंल की. मावशी हाय म्हणून.”

“कुठली मावशी, विचारतेत. कुठल्या गावची, कुणाच्यातली. पानभर फोटो, त्यात केसाला हात लावलेला. तू तिकडचे लोक बघितलेला न्हाईस.”

“बघितलेत. नवरदेवाचा कान पिळलाय मी.”

त्यानं खुर्ची जरा मागं सरकवली.

“तोबी काढलास,” मी म्हणालो.

“मी न्हाई काढला.” मग म्हणाला, “पप्पांनी यादी बघितली. पप्पांनी खुणा केल्या, मी टाईप केलं. मला काय म्हणायलास.”

गुरुजी. मला ते टेबलाशी बसलेले दिसले, बोट पहिल्या नंबरावर ठेवून, एकेक खाली सरकताना. प्रत्येक नंबर बघायला त्यांना मोबाइलवरचा फोटो उघडावा लागला असेल. म्हणजे त्यांनी आईचा फोटो उघडला. गजरा बघितला. मग पुढं गेले.

“अक्काला माहीत हाय?”

“तिला अजून न्हाई सांगितलं. अल्बम आल्यावर कळंल. तिला आठवायचंबी न्हाई, तीनशे फोटोत.” तो उठला. दारात थांबून म्हणाला, “तू समजून घेशील असं पप्पा म्हणाले. शिकलेला हायस तू.”

तेव्हा मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. त्याऐवजी मी त्याला म्हणालो, “डिझाइन शुक्रवारी देतो.”

तो गेल्यावर मी यादीची फाईल उघडली आणि सगळ्यात खाली २१४७ लिहिलं. स्क्रिप्ट चालवली. फोटो मुकाट्यानं घेतलेल्यांत येऊन बसला. एक ओळ, बस. डिझाइनवाल्याला काय कळणार होतं? अल्बम छापून, बांधून उदगीरला गेला असता. अण्णा चष्मा पुसत माझ्या मागं उभे होते हे मला उशिरा कळलं. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं असणार, स्टुडिओ केवढासा आहे.

“तम्मा,” ते म्हणाले, “गिऱ्हाइकाची यादी हाय. आपण त्यात घालायचं न्हाई, काढायचं न्हाई. धंदा असाच हाय.” मग म्हणाले, “पण फोटो मी काढलेला हाय. कॅमेरा माझा, कार्ड माझं. तुला कागदावर पाहिजे तर सांग. मशीन चालू हाय.”

मी २१४७ पुसला. धंद्याचा नियम म्हणून पुसला असं मी त्यांना दाखवलं, पण तसं नव्हतं. उदगीरच्या कुठल्यातरी सोफ्यावर अक्का बसलीय, मांडीवर अल्बम, आणि कुणीतरी आईच्या तोंडावर बोट ठेवून ‘ही कोण’ विचारतंय, हे माझ्या डोळ्यांपुढं आलं. अक्का काय उत्तर देईल ते मला माहीत नव्हतं. आदल्या दिवशीपर्यंत मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. ते उत्तर मला ऐकायचं नव्हतं, म्हणून मी नंबर पुसला. गुरुजींनीही कदाचित तेच कारण स्वतःला सांगितलं असेल. हे मनात आलं तेव्हा मला त्यांच्यापेक्षा स्वतःचा जास्त राग आला.

नंतर मी एक वेगळी यादी केली. त्यात एकच नंबर होता. एका फोटोसाठी स्क्रिप्ट लागत नाही, हातानं एक टिचकी पुरते, पण मी स्क्रिप्टच चालवली. तिनं तीन-साडेतीन हजार फाईलींना एकेक करून विचारलं आणि एक उचलली. अण्णांनी तो मोठा छापून दिला, पुठ्ठ्याच्या पाकिटात घालून.

रविवारी गावी गेलो. आईनं हात पदराला पुसले, मग परत धुतले, मग पाकीट घेतलं. फोटो तिनं उजेडात, दाराशी नेऊन धरला. खूप वेळ बघितला.

“अक्का कशी वाकायलीय बग. लहानपणी अशीच करायची. मान हलीव म्हटलं तरी हलवायची न्हाई.” मग म्हणाली, “माझी पिन तिच्याकडंच ऱ्हायली.”

“ऱ्हाऊ दे.”

“आल्बमातला हाय ना ह्यो?”

“व्हय.”

“पानभर म्हणला होतास.”

“व्हय आई. पानभरच हाय.”

तिनं फोटो पाकिटात घातला आणि पाकीट धान्याच्या कोठीवर, टाचा उंच करून ठेवलं. शेजारच्या बाईला बोलावून आणते म्हणाली, दाखवायला. चप्पल घालता घालता वळून म्हणाली, “दिवाळसणाला अक्का आल्बम घेऊन येईल ना माहेरला? तवा जाऊन बगू की आपण. गुरुजींचं घरबी बगितलं न्हाई मी अजून.”

मी म्हणालो, “जाऊ.”